श्रोत्याची एक जागा

त्या गावच्या नगरपालिकेत शिपाई, कारकून, मुकादम, झाडूवाले अशी सगळी पदं होती, तसंच ‘श्रोता’ असंही एक पद होतं. जागा एक. कायम. काम दर गुरुवारी, दुपारी चार ते साडेपाच. उरलेल्या दिवशी आवक-जावक विभागात बसून पाकिटांना गोंद लावायचा. या जागेवर ज्या बाई होत्या त्यांना सगळं गाव श्रोतेबाई म्हणायचं. त्यांच्या यजमानांनासुद्धा लोक ‘श्रोतेबाईंचे ते’ असंच ओळखायचे, आणि ते बिचारे चांगले कुलपं दुरुस्त करणारे कारागीर होते.

हे पद निघालं कसं ते आधी सांगायला हवं, नाहीतर ऐकणारा म्हणेल, काहीतरीच काय! झालं असं, की गावात इमारती लाकडाचा एक मोठा व्यापारी होता. त्याला मूलबाळ नव्हतं आणि व्हायोलिनचं वेड होतं. मरताना त्यानं दुमजली सभागृह बांधून नगरपालिकेला दान दिलं आणि दानपत्रात एक अट घातली: दर गुरुवारी दुपारी चार वाजता इथे किमान एका श्रोत्यासमोर व्हायोलिनचं वादन झालं पाहिजे. सलग तीन गुरुवार खंड पडला, तर इमारत पुतण्याकडे जाईल.

नगरपालिकेनं दान हसत हसत घेतलं. खाली सभागृह ठेवलं आणि वर पाणीपुरवठा विभाग नेऊन बसवला. बारा टेबलं, चार कपाटं, आणि गावातल्या सगळ्या नळांचा एक भिंतभर नकाशा. तो नकाशा कुण्या उत्साही कारकुनानं असा काही चिकटवला होता, की भिंतीसकटच निघाला असता. थोडक्यात, आता इमारत सोडणं शक्य नव्हतं.

वादनाला एक मास्तर नेमले. सुरुवातीला लोक आले. मग लोक काय, नव्याचे नऊ दिवस. शेवटी पंख्याच्या वाऱ्यासाठी येणारे एक म्हातारे गृहस्थ तेवढे उरले आणि एका बुधवारी तेही वारले. गुरुवार रिकामा गेला. पुढचा गेला. तिसऱ्या गुरुवारी पावणेचारला मुख्याधिकारी स्वतः रस्त्यावर उतरले आणि चाकू-कात्र्यांना धार लावणाऱ्या एका माणसाला दंडाला धरून आत आणून बसवलं. दीड तास तो माणूस, आपल्याला कोणत्या गुन्ह्यात धरलंय, एवढंच विचारत होता. अशानं काही खरं नाही, हे सगळ्यांना कळलं. पुढच्याच महिन्यात पद मंजूर झालं.

मुलाखतीला अठरा उमेदवार आले. बाई त्यातल्या एक. त्या अठरा वर्षं विणकामाच्या कारखान्यात मागावर होत्या आणि कारखाना नुकताच बंद पडला होता. एका शेडमध्ये दोनशे माग एकदम चालले, की शेजारच्या बाईनं कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. तिथल्या बायका एकमेकींचे ओठ बघून बोलायच्या. तीन मागांच्या पलीकडून सासवांच्या कागाळ्या व्हायच्या आणि त्यातलं एक अक्षर वाया जात नसे. 

परीक्षा अशी, की उमेदवार एका टोकाला आणि समितीचे अध्यक्ष दुसऱ्या टोकाला. अध्यक्ष हळूच काहीतरी पुटपुटणार, उमेदवारानं ते सांगायचं. सतरा जणांनी “हं? काय म्हणालात?” केलं. बाईंच्या वेळेला अध्यक्ष कंटाळून शेजाऱ्याच्या कानाशी लागले आणि श्वासाच्या आवाजात म्हणाले, “चहा कधी येणार आहे?”

चाळीस पावलांवरून बाई म्हणाल्या, “मघाशीच आलाय साहेब. खाली जिन्यात ठेवलाय. गार होईल.”

समितीनं एकमेकांकडे पाहिलं. असा कान गावात दुसरा नव्हता.

बाईंनी कुणाला फसवलं असं मुळीच नाही. आपल्याला ऐकू येत नाही हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. कान एका दिवसात गेले असते तर कळलं असतं. ते गेले वर्षाला चिमूटभर, मागांच्या खडखडाटात. बाईंना आपलं वाटायचं, की जगच निवत चाललंय. चिमण्या पूर्वीसारख्या भांडत नाहीत. माणसं दारं हळू लावायला शिकली. स्वयंपाकघरातला नळ रात्रंदिवस टपकायचा तो टपकेनासा झाला, तेव्हा त्यांनी पाणीपुरवठा विभागाला मनापासून दुवा दिला होता. समोरच्याचा चेहरा पाहून त्या त्याचा आवाज ठरवून टाकायच्या आणि तो आवाज त्यांना चक्क ऐकू यायचा. व्हायोलिनच्या मास्तरांना त्यांनी भारदस्त, घागरीतून आल्यासारखा आवाज दिला होता. प्रत्यक्षात मास्तरांचा आवाज म्हणजे तेल न घातलेली बिजागरी. फक्त मिशीवाल्या माणसांशी त्यांचं जमत नसे. मिशीवाली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात, अशी त्यांची पक्की तक्रार होती.

तर अशा या बाई गुरुवारी पावणेचारला तिसऱ्या रांगेतल्या मधल्या खुर्चीत येऊन बसायच्या. साडी इस्त्रीची, हात मांडीवर. मास्तर गज उचलायचे आणि बाई ऐकायला लागायच्या. ऐकायच्या म्हणजे काय करायच्या? मास्तरांचा उजवा हात कुठे जड होतो, कुठे थरथरतो, कोपर कुठे अडतो, डाव्या हाताची करंगळी कधी लांब जाते, श्वास कुठे कोंडतो, हे सगळं त्या डोळ्यांनी पिऊन घ्यायच्या. व्हायोलिन ऐकणं याला म्हणतात, अशीच त्यांची समजूत. आधी आयुष्यात कधी व्हायोलिन ऐकलं असतं तर फरक कळला असता. कित्येकदा त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि ते बरोबर जिथे यायला हवं तिथेच यायचं. मास्तर घरी जाऊन बायकोला सांगायचे, “हजार माणसं नकोत मला. ही एक पुरे.” या एका खुर्चीसाठी ते तारा बदलायचे, रियाज करायचे, शर्टाची तुटलेली बटणं लावून घ्यायचे.

अशी नऊ वर्षं गेली. मग एका गुरुवारी छताच्या गिलाव्याचा परातीएवढा पोपडा सुटला आणि बाईंच्या मागे दोन रांगा सोडून धाडकन खुर्चीवर आदळला. मास्तर दचकून उभेच राहिले; गज हातातून पडला. बाई हलल्या नाहीत. उलट मधेच थांबल्याबद्दल त्यांनी मास्तरांकडे जरा नाराजीनं पाहिलं.

“काय झालं, मास्तर? मुंगी चावली का?”

मास्तर बाईंकडे बघत राहिले. मग मागच्या खुर्चीकडे, पुन्हा बाईंकडे. एखाद्या माणसाला आपलं घर नऊ वर्षं दुसऱ्याच्या जागेवर उभं आहे असं कळावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

त्या आठवड्यात मास्तर नीट जेवले नाहीत. नऊ वर्षं आपण भिंतीसमोर वाजवत होतो? मग त्या टिपणाऱ्या डोळ्यांचं काय? मान हलायची ती? वाईट वाटून झाल्यावर त्यांना राग आला, आणि रागावलेला कलाकार काय करेल याचा नेम नाही. पुढच्या गुरुवारी त्यांनी व्हायोलिन खांद्याला लावलं, गज उचलला आणि तारांच्या वर बोटभर अंतर ठेवून, हवेतच, दीड तास वाजवलं. सभागृहात इतकी शांतता होती की मास्तरांना स्वतःच्या बाहीची सळसळ ऐकू येत होती. दाराशी पहारेकरी होता, पण त्याला व्हायोलिनचा तिटकारा होता. तो कानात कापूस घालून बसे. वर पाणीपुरवठा विभागात त्या वेळी चिटपाखरू नसायचं.

वादन संपल्यावर बाई म्हणाल्या, “मास्तर, तब्येत बरी आहे ना? जेवण वेळेवर होतंय?”

मास्तर मनात म्हणाले, बघा, कळलं सुद्धा नाही.

दुसऱ्या गुरुवारी पुन्हा हवेत. या वेळी बाई काही न बोलता उठून गेल्या.

तिसऱ्या गुरुवारी मास्तरांनी गज हवेत फिरवायला सुरुवात केली आणि वीसेक मिनिटांनी, नऊ वर्षांत पहिल्यांदाच, बाई कार्यक्रम चालू असताना उभ्या राहिल्या.

“थांबा.”

मास्तर थांबले.

“मी लहान तोंडी मोठा घास घेतेय, मास्तर, पण आता राहवत नाही. तीन आठवडे बघतेय. तुमच्या हातावर वजनच नाही. आमच्या मागावर आडवं सूत नेणारा धोटा सुताशिवाय नुसता पळवला, तर तो पळतो हो जोरात, पण कापड निघत नाही. तसं चाललंय तुमचं. मनगट फिरतंय, पण ते कशावर टेकतच नाहीये. तुम्ही वाजवताय की नाही?”

मास्तर घाईघाईनं स्टुलावर बसले, गज तारांवर टेकवला आणि उरलेला वेळ असे वाजवत राहिले, की त्यांच्या हनुवटीखाली वळ उठला. बाईंचे खांदे हळूहळू खाली आले. “हां,” त्या म्हणाल्या, “आता.”

साडेपाचला मास्तर व्यासपीठावरून खाली उतरून त्यांच्या समोर येऊन उभे राहिले.

“बाई, एक सांगतो, रागावू नका. तुम्हाला ऐकू येत नाही.”

“अय्या! येतं की. आत्ता तुम्ही बोललात ते ऐकलंच ना मी?”

मास्तर मागे वळले, बाईंकडे पाठ केली आणि मोठ्यांदा त्यांच्या नावानं तीन हाका मारल्या. मग वळून विचारलं, “मी काय म्हणालो?”

“कधी?”

“आत्ता.”

“आत्ता तर तुमची पाठ होती.”

“पाठ होती, पण मी बोललो.”

“पाठ करून कोण बोलतं, मास्तर?” बाईंना हसू आलं. “ऐकणाऱ्याला कळणार कसं?”

मास्तरांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. मग त्यांनी बाईंना खुर्चीत बसवलं आणि सावकाश, ओठ मोठे करून, मागांच्या खडखडाटापासून पोपड्यापर्यंत सगळं समजावून सांगितलं. बाईंनी मान खाली घालून ऐकलं. म्हणजे मान वर करूनच ऐकावं लागलं, खाली घातली ती नंतर.

रस्त्यानं चालताना त्या दर दहा पावलांना थांबून मागे बघत होत्या. मागे काय काय चाललेलं असतं, देव जाणे! सायकलवाला घंटा वाजवत होता. त्याचा अंगठा हलताना दिसत होता. आजवर त्यांना वाटायचं, सायकलवाल्यांना अंगठा चाळवायची सवयच असते.

घरी यजमान नेहमीसारखे खिडकीशी, भिंतीकडे तोंड करून कानशीनं किल्ली घासत बसले होते. लग्न झाल्यापासून त्यांची कामाची जागा तीच. बाईंना वाटायचं, आपल्या नशिबी मितभाषी माणूस आला, चांगला आहे, पण घुम्या. त्या मुकाट्यानं शेजारून वळसा घालून त्यांच्यासमोर, भिंत आणि टेबल यांच्यामधल्या वीतभर जागेत जाऊन उभ्या राहिल्या. यजमानांचे ओठ हलत होते.

“...आणि त्या डॉक्टरांच्या कपाटाची किल्ली तर अशी झिजलीय की — अगं! इथे काय करतेस?”

“तुम्ही कुणाशी बोलताय?”

“तुझ्याशी. दुसरं कोण आहे घरात?”

“रोज बोलता?”

“मग? सकाळी बसलो की सुरू. तू काही बोलत नाहीस, ती गोष्ट वेगळी. मी म्हटलं, स्वभाव आहे एकेकाचा.”

बाई मटकन स्टुलावर बसल्या. दहा-बारा वर्षं हा माणूस त्यांना गावातल्या प्रत्येक कुलपाची कथा सांगत होता. आईच्या दुखण्यात तो किती घाबरला होता ते सांगत होता. एकदा, म्हणे, त्यानं त्यांची माफीसुद्धा मागितली होती.

“कशाबद्दल?”

“शिवणयंत्र विकल्याबद्दल.”

“म्हणजे ते तुम्ही विकलंत? मला वाटलं चोरीला गेलं!”

“विचारलं होतं तुला! ‘विकू का?’ म्हटलं. तू गप्प. गप्प म्हणजे हो.”

“आणि पोलिसात तक्रार द्यायला मी गेले, तेव्हा?”

“तेव्हा मी म्हटलं, अगं, विकलंय. तू चप्पल घालत होतीस.”

त्यावर दोघं बराच वेळ भांडले, समोरासमोर बसून. एवढं मन मोकळं करून ते कधीच भांडले नव्हते. भांडण संपलं तेव्हा चहा उकळून उकळून पातेल्याच्या तळाला लागला होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी, कुणीही न सांगता, कार्यालयात अर्ज दिला. बाई सरळ होत्या, आणि अशा माणसांमुळेच कार्यालयांची पंचाईत होते. अर्जात लिहिलं होतं: ‘मला ऐकू येत नाही असे काल समजले. मी श्रोता या पदावर आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.’

कार्यालयाचे मुख्य कारकून असलेल्या बड्या बाबूंनी अर्ज दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा वाचण्याआधी दार लावून घेतलं.

“बाई, हा अर्ज मागे घ्या. तुम्ही सांगितलंत म्हणून झालं. नाहीतर तुम्हाला ऐकू येत नाही, हे कुणाला माहीत होतं?”

“मलाही नव्हतं, साहेब. पण ते होतंच की.”

“माहीत नव्हतं तोवर नव्हतंच, असं धरून चालू.”

“मग आता?”

बाबूंनी निमूटपणे शिक्का उचलला. अर्जाला क्रमांक पडला. कानाच्या डॉक्टरांनी दाखला दिला: डावा कान पूर्ण बंद, उजवा नावापुरता, आणि हे किमान बारा वर्षांपासूनचं. गावात गोष्ट कशी फुटते ते सांगायला नको. आठ दिवसांत लाकडाच्या व्यापाऱ्याचा पुतण्या वकील घेऊन हजर झाला. हा पुतण्या चाळिशीचा, गुबगुबीत, कामधंदा नसलेला आणि स्वभावानं मुळीच वाईट नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की चारशे एकसष्ट गुरुवार कार्यक्रम झालेलाच नाही, सबब इमारत त्याची.

वरिष्ठांकडे प्रकरण गेलं आणि त्याची सुनावणी लागली. ‘सुनावणी’ हा शब्द नोटिशीत वाचून यजमान इतके हसले की त्यांच्या हातून किल्ली वाकली.

सुनावणीला बसलेल्या साहेबांना मिशी होती. साधीसुधी नाही, वरचा ओठ तर सोडाच, खालच्याचाही निम्मा भाग तिनं व्यापलेला. ते बोलायला लागले आणि बाईंनी हात वर केला.

“साहेब, तुमची मिशी मधे येतेय.”

खोलीत सन्नाटा पसरला. (बाईंना तो दिसला.) साहेब लालबुंद झाले, पण ते नियमानं चालणारे गृहस्थ होते, आणि नियमात होतं की प्रत्येकाला कामकाज कळलंच पाहिजे. त्यांनी दोन्ही हातांच्या तर्जनींनी मिशीची टोकं वर उचलून धरली आणि पुढची तीन तासांची सुनावणी त्याच अवस्थेत चालवली. टिपणं घ्यायला हात मोकळा नसल्यामुळे दर वाक्याला शिपाई मिशीची एक बाजू धरायचा.

पहिला पहारेकरी आला. “व्हायोलिन वाजायचं का?”

“वाजत असेल साहेब. त्याशिवाय मी कापूस कशाला घालीन?”

“पण तुम्ही ऐकलं का?”

“कापूस असताना कसं ऐकणार?”

मग पाणीपुरवठा विभागाचे बारा कारकून. सभागृहाच्या डोक्यावर बसतात, लाकडी जमीन आहे, त्यांना ऐकू गेलंच असणार. पण हालचाल-नोंदवहीत दर गुरुवारी साडेतीनपासून बाराच्या बारा जण ‘जलवाहिनीच्या पाहणीस’ गेल्याची सही होती. ऐकलं म्हणावं तर पाहणी खोटी. पाहणी खरी तर ऐकलेलं खोटं. बाराही जणांनी पाहणी निवडली.

मास्तर म्हणाले, “मी स्वतः ऐकलंय की! चारशे एकसष्ट वेळा!”

पुतण्याचा वकील उठला. “वाजवणारा हा श्रोता नव्हे. दानपत्रात ‘श्रोत्यासमोर’ असं आहे. माणूस स्वतःच्या समोर बसू शकत नाही. आणि या बाई? या बघत होत्या. फार तर यांना प्रेक्षक म्हणा. ऐकणारा कानच नव्हता, तर तिथे संगीत कुठून आलं? हवा हलली असेल थोडी. हवा पंख्यानंही हलते.”

साहेबांनी मिशी उचलून बाईंकडे पाहिलं. “तुमचं काय म्हणणं?”

बाई उभ्या राहिल्या. रात्रभर त्यांनी एकच गोष्ट मनात घोळवली होती, आणि ती सांगितली तर आपलंच नुकसान होणार असं त्यांना वाटत होतं. तरी त्या म्हणाल्या, “साहेब, चारशे एकसष्ट नाहीत. दोन गुरुवार कार्यक्रम झाला नाही.”

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. वकिलाला आनंदाची उकळी फुटली. “झाला नाही! त्या स्वतःच म्हणतात!”

“कोणते दोन?” साहेबांनी विचारलं.

“पोपडा पडला त्याच्या पुढचे लागोपाठ दोन. मास्तर हवेत वाजवत होते. तारा मुक्या होत्या. तिसऱ्या वेळी मी त्यांना थांबवलं, मग त्यांनी नीट वाजवलं.”

“हे खरं?” साहेब मास्तरांकडे वळले.

“खरं आहे,” मास्तर म्हणाले. “मी रागावलो होतो.”

वकील म्हणाला, “पाहा!” आणि मग त्याचं त्यालाच काहीतरी कळलं असावं, कारण तो बोलता बोलता थांबला.

साहेब पुढे झुकले. “एक मिनिट. पहारेकऱ्याला हे कळलं नाही. बारा जणांना कळलं नाही. गावात कुणालाच कळलं नाही. व्हायोलिन कधी वाजलं आणि कधी नाही, हे फक्त या बाईंना कळलं?”

“हात रिकामा होता, साहेब,” बाई म्हणाल्या. “ऐकू येतं की.”

साहेबांच्या हातून मिशी सुटली आणि त्यांनी निर्णय तोंडी सांगून टाकला. सगळे उभे राहिले, मास्तर रडायला लागले, पुतण्यानं कपाळाला हात लावला. बाई एकट्याच इकडेतिकडे बघत होत्या. “काय म्हणाले? साहेब, मिशी!” तेव्हा साहेबांनी ती पुन्हा उचलून सगळा निर्णय परत सांगितला.

लेखी निर्णयाची प्रत पुढे कितीतरी वर्षं सभागृहात लावलेली होती. त्यात म्हटलं होतं, की चारशे एकोणसाठ कार्यक्रम झाले; सलग खंड दोनच गुरुवारांचा, तीन नव्हे. श्रोता हजर होता आणि ऐकत होता. आवाज त्याच्यापर्यंत पोचला नाही, हा दोष आवाजाचा असून त्यासाठी श्रोत्याला जबाबदार धरता येणार नाही. सबब आवाजास लेखी समज देण्यात यावी. समज कार्यालयानं खरोखरच काढली. ती कुणाला द्यायची यावर आठवडाभर खल झाला आणि शेवटी आवाजाच्या वतीनं मास्तरांनी पोच दिली.

पुन्हा घोटाळा नको म्हणून ‘सहायक श्रोता’ असं आणखी एक पद काढलं. अट एकच, दोन्ही कान शाबूत. त्या जागेवर पुतण्याच लागला. इमारत गेली तर गेली, निदान तिच्यात बसता तरी येईल, असं तो म्हणाला. त्याचे कान डॉक्टरांच्या दाखल्याप्रमाणे उत्तम होते, पण चार वाजून दहा मिनिटांनी त्याची मान पडायची आणि तो घोरायला लागायचा. बाई त्याच्या वरिष्ठ. वर्षअखेरीस त्याचा गोपनीय अहवाल त्यांनी लिहिला: ‘ऐकू येते. ऐकत नाहीत. स्वभाव चांगला.’

बाईंना नगरपालिकेनं कानाचं यंत्र दिलं. पहिल्या दिवशी त्या घाबरून गेल्या. चमचे, चपला, दारं, माणसांचं नाक ओढणं, काय एकेक आवाज! मास्तरांचा खरा आवाज ऐकून त्यांना हसू आवरेना. व्हायोलिनही ऐकलं. मास्तर दाराशी वाट बघत उभे होते. विचारायचं धाडस होत नव्हतं.

“चांगलं आहे,” बाई म्हणाल्या. “पण मास्तर, तुमच्या हातात याहून जास्त आहे. ते सगळं काही बाहेर येत नाही.”

मास्तरांनी यावर बरेच दिवस विचार केला, आणि असं म्हणतात की त्यानंतर ते पूर्वीपेक्षा बरं वाजवू लागले. नक्की कोण सांगणार? पुतण्या झोपलेला असायचा.

घरी यंत्राचा वेगळाच परिणाम झाला. आपलं बोलणं आता ऐकलं जातंय म्हटल्यावर यजमानांची वाचाच बसली. पंधरा दिवस ते नुसते “हं”, “नाही”, “मीठ दे” एवढ्यावर आले. शेवटी बाईंनीच यंत्र काढून ओट्यावर ठेवलं, पाठमोऱ्या बसल्या आणि म्हणाल्या, “बोला आता.” यजमान बोलत सुटले. ते काय बोलले ते बाईंना कळलं नाही, पण वळून पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. मग त्यांनी टेबल ओढून खिडकीच्या दुसऱ्या बाजूला घेतलं, तोंड घराकडे करून. उजेड थोडा कमी पडतो तिथे, पण भागतं.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा जागेसाठी दोनशेच्या वर अर्ज आले. निवड समितीवर तज्ज्ञ म्हणून बाईंनाच बोलावलं. त्यांनी कुजबुजीची परीक्षा रद्द करवली. प्रत्येक उमेदवाराला तिसऱ्या रांगेत बसवलं, मास्तरांना दहा-दहा मिनिटं वाजवायला सांगितलं, आणि स्वतः यंत्र पर्समध्ये टाकून, व्यासपीठावर मास्तरांच्या शेजारी, उमेदवारांकडे तोंड करून बसल्या. कुणी डोळे मिटून मान डोलवायचा. कुणी हातानं ताल धरायचा. एकानं तर ‘वाहवा’ केली. बाई प्रत्येकाच्या नावापुढे फुली मारत गेल्या. अध्यक्ष हवालदिल झाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक पोस्टमन आला. मध्यम वयाचा, पायांत धुळीचे बूट. तो डोलला नाही, रडला नाही. नुसता बसून राहिला. वादन संपल्यावर कुणी काही विचारायच्या आत तो उठला, कोपऱ्यातल्या माठातून पेला भरून आणला आणि मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांचा घसा सकाळपासून कोरडा पडला होता. ते काही बोलले नव्हते.

“हा,” बाई म्हणाल्या.

“पण बाई, याला ऐकू येतं का, ते तरी तपासू,” अध्यक्ष म्हणाले.

बाई पर्स आवरत होत्या. त्यांची पाठ होती.